रस्सा कुणाला आणि फोडी कुणाला?

पोस्ट मोठी आहे. रविवारी मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभे असाल तर तिथंच वाचून काढा, नंबर यायला वेळ लागतोच.

हाड मोडलं की पायाचं सूप. बाळंतीण घरी आली की पायाचं सूप. टायफॉइडमधून उठलेलं पोर, गुडघे धरलेली आज्जी, ऑपरेशन होऊन आलेले काका, सगळ्यांना एकच औषध. दवाखान्यात शेजारच्या कॉटवरचा नातेवाईक सांगतो, हाडवैद्य सांगतो, खाटिक तर सांगणारच. आणि आता याच्यावर इंग्रजी नावाचा मुलामा चढला आहे. 'बोन ब्रॉथ' म्हटलं की तेच खुरांचं पाणी जिममधली पोरं कौतुकानं पितात. २०१४ च्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये एका शेफनं खिडकीतून कॉफीसारखं कपात ब्रॉथ विकायला सुरुवात केली आणि तिथून हे खूळ जगभर पसरलं. आपल्याकडं ते डब्यातल्या कोलॅजन पावडरीच्या रूपानं आलं आहे. केस, कातडी, सांधे, आतडं, सगळं एका चमच्यात दुरुस्त म्हणे.

मी पायाच्या सूपाच्या विरोधात नाही. थंडीत मिरे-आलं-लसूण ठेचून घातलेलं वाफाळतं पायाचं सूप आणि चुरलेली भाकरी याला तोड नाही. पण चव वेगळी आणि पोषण वेगळं. या दोन्हींची गल्लत झाली की घरातल्या सगळ्यात अशक्त माणसाच्या वाट्याला नेमकं कमी येतं. माझं भांडण तेवढ्याशीच आहे.

आधी हाडात काय असतं ते बघू. हाड दोन गोष्टींचं बनलेलं असतं. एक खनिज, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फरसचा दगडासारखा भाग. दुसरं कोलॅजन नावाचं प्रथिन, दोरासारखं चिवट. सिमेंट आणि सळई म्हणा. शाळेत एक प्रयोग असायचा, कोंबडीचं धुतलेलं हाड व्हिनेगरमध्ये चार-पाच दिवस बुडवून ठेवायचं. आंबटपणानं कॅल्शियम विरघळून जातं आणि हाड रबरासारखं वाकतं. आता याच्या उलट करा, हाड तासन्‌तास पाण्यात उकळा. ते वाकत नाही, ठिसूळ होतं, बोटांनी चुरडता येतं. म्हणजे उकळल्यावर पाण्यात उतरलं ते कोलॅजन आणि मागं राहिलं ते कॅल्शियम. 'हाडाचं कॅल्शियम सूपात उतरतं' या समजुतीला पहिला धक्का इथंच बसतो. ते बहुतांशी हाडातच राहतं, आणि ते हाड आपण कुत्र्याला टाकतो.

हे काही नवीन संशोधन नाही. १९३४ साली लंडनमध्ये मॅकन्स, शेल्डन आणि विडोसन या तिघांनी लहान मुलांना देतात त्या हाडांच्या आणि भाज्यांच्या सूपांचं पृथक्करण केलं होतं. त्या काळी तिथले डॉक्टरही बाळांना असलं सूप द्या म्हणून सांगत. यांनी मोजून सांगितलं की यात फारसं पोषण नाही. २०१७ मध्ये तैवानमधल्या संशोधकांनी पुन्हा मोजलं. एका वेळच्या सूपातून दिवसाच्या गरजेच्या पाच टक्केही कॅल्शियम मिळत नाही, असंच निघालं. उकळताना चमचाभर व्हिनेगर घाला म्हणून रीलवाले सांगतात. त्यानं थोडं जास्त उतरतं, पण मुळात थेंबभर होतं त्याचे दोन थेंब झाले एवढंच.

आता आकडे शेजारी ठेवून बघा. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं असं आपली आयसीएमआर सांगते, अंगावर पाजणाऱ्या आईला १२००. पेलाभर, म्हणजे २०० मिली दुधात साधारण २४० मिलिग्रॅम असतं. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीतून पावणेदोनशे मिलिग्रॅम येतं. (नाचणीतलं सगळं अंगी लागत नाही, पण मोड आणून सत्त्व केलं तर जास्त लागतं. जुन्या बायकांना हे कुणी शिकवलं नव्हतं.) तिळात १०० ग्रॅमला हजाराच्या वर. आणि सुके बोंबील, सुकट, जवळा हाडाकाट्यासकट खाल्ले जातात म्हणून त्यांत भरपूर. प्राण्याच्या हाडातलं कॅल्शियम खायचंच असेल तर ते असं, हाड चावून. उकळून नाही.

मग सूपात उतरतं ते कोलॅजन तरी चांगलं ना? इथं जरा थांबू, कारण सगळा धंदा याच शब्दावर चालला आहे.

पायाचं सूप फ्रिजमध्ये ठेवलं की थिजून चकतीसारखं होतं. ते बघून आपल्याला वाटतं, बापरे, केवढी ताकद! ती ताकद म्हणजे जिलेटिन, शिजलेलं कोलॅजन. १०० ग्रॅम पाण्यात दोन-तीन ग्रॅम जिलेटिन असलं तरी ते थंडीत थिजतं. म्हणजे २०० मिलीच्या वाटीत चार ते सहा ग्रॅम प्रथिन, तेही सूप दाट असलं तर. पाणी वाढवून आठ जणांत वाटलेल्या सूपात त्याहून बरंच कमी. एका अंड्यात सहा ग्रॅम असतं.

पण ग्रॅमाला ग्रॅम बरोबरीचं नसतं, खरी मेख ही आहे. प्रथिन म्हणजे वेगवेगळ्या मण्यांची माळ. त्यातले नऊ मणी आपलं शरीर स्वतः बनवू शकत नाही, ते खाण्यातूनच यावे लागतात. कोलॅजनच्या माळेत दर तिसरा मणी ग्लायसिनचा, जो शरीर स्वतःच बनवतं. आणि त्या नऊपैकी ट्रिप्टोफॅन नावाचा मणी त्यात अजिबात नाही. त्यामुळं प्रथिनाची प्रत ठरवायच्या मापात अंडं आणि दूध वर बसतात आणि जिलेटिनला शून्य मिळतं. शून्य म्हणजे विष नव्हे. एकट्या त्याच्यावर शरीर उभं राहत नाही, असा त्याचा अर्थ.

याची परीक्षा जगानं आधीच देऊन झाली आहे. १६७९ मध्ये देनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसानं लंडनच्या रॉयल सोसायटीला एक बंद भांडं दाखवलं, ज्यात वाफेच्या दाबानं हाडंसुद्धा मऊ होत. आपल्या कुकरचा तो खापरपणजोबा. कुकर जन्मालाच आला तो हाडं शिजवायला! पुढं फ्रेंच राज्यक्रांतीनंतर पॅरिसमध्ये गरिबांना, दवाखान्यातल्या रोग्यांना स्वस्तात काय खाऊ घालायचं हा प्रश्न पडला, तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांना हेच सुचलं. हाडं फुकट मिळतात, त्यांचं जिलेटिन काढा, सूप करा, मटणाची बचत करा. दार्से नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं वाफेवर हाडातून जिलेटिन काढायची यंत्रं बसवली आणि इस्पितळांत या सूपाच्या हजारो वाट्या वाटल्या गेल्या. खाणाऱ्यांनी तक्रारी केल्या. शेवटी फ्रेंच विज्ञान अकादमीनं समिती नेमली. फ्रान्स्वा माजांदी या मोठ्या शरीरशास्त्रज्ञाच्या पुढाकारानं कित्येक वर्षं कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि १८४१ मध्ये अहवाल आला. नुसत्या जिलेटिनवर कुत्री जगत नाहीत, मांसाची जागा ते घेऊ शकत नाही. सरकारला गरिबाच्या वाटीतून मटण काढून पाणी भरायचं होतं, ते शास्त्रानं अडवलं. एकशे ऐंशीहून जास्त वर्षं झाली याला.

आणि तरी १९७० च्या दशकात अमेरिकेत पुन्हा तेच. वजन घटवायला 'लिक्विड प्रोटीन' म्हणून जनावरांच्या खुरां-कातड्यापासून केलेलं द्रव कोलॅजन विकलं गेलं. लोक जेवण सोडून नुसतं तेच प्यायले. ६० च्या आसपास मृत्यूंची नोंद झाली, त्यात हृदयाचे ठोके बिघडून गेलेल्या तरुण बायका होत्या. आज मिळणारी पावडर जेवण सोडून घ्या असं कुणी सांगत नाही, त्यामुळं घाबरू नका. पण हजार-दीड हजाराचा डबा आणताना एवढं ध्यानात ठेवा की पोटात गेलेलं कोलॅजन आधी पचतं, त्याचे तुकडे होतात. ते सरळ उठून तुमच्या गुडघ्यात किंवा गालावर जाऊन बसत नाही. काही बारीक तुकडे रक्तात सापडतात हे खरं, गुडघेदुखीत थोडा आराम पडल्याचे काही अभ्यासही आहेत. त्यातले बरेच पावडर विकणाऱ्यांच्याच पैशानं झालेले आहेत हेही खरं. आणि शरीराला स्वतःचं कोलॅजन नीट बांधायला क जीवनसत्त्व लागतं. पेरू, आवळा, लिंबू. डब्यापेक्षा पेरूवाल्याच्या गाड्यावर स्वस्त पडेल.

आता येतो मूळ मुद्द्यावर.

आपल्याकडं मटण शिजलं की आधी अळणी काढतात. कोल्हापूरकरांना सांगायला नको. हळद-मीठ-आलं-लसणात शिजलेल्या मटणाचं पाणी, फोडणी आणि चटणी पडायच्या आधीचं. ते लहान पोरांना, म्हाताऱ्यांना, बाळंतिणीला. भावना चांगलीच आहे, तिखट सोसत नाही त्यांना सौम्य द्यावं. पण पातेल्यातून पुढं काय होतं ते बघा. अळणी बाळंतिणीला, फोडी पुरुषांच्या ताटात. तिला एक-दोन फोडी मिळाल्या तर मिळाल्या, आणि सगळ्यांचं झाल्यावर पातेल्याच्या तळाशी उरलेला रस्सा. 'तिला सूप दिलंय की वाटीभर', असं म्हणून घर निवांत होतं. मटणातलं प्रथिन, लोह, जस्त, बी-१२ यांतलं बहुतेक फोडीतच असतं. पाण्यात उतरतं ते मीठ, थोडी चरबी, थोडं जिलेटिन आणि पुष्कळसा वास. ज्या बाईचं बाळंतपणात रक्त गेलंय तिला वास, आणि दिवसभर पारावर बसून आलेल्या दिरापुढं मटण. याला मी पोषण म्हणणार नाही.

हे काही माझ्या कल्पनेतलं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. निम्म्याहून जास्त! पाच वर्षांखालच्या पोरांत ३५.२ टक्के वयाच्या मानानं बुटकी, ३६.१ टक्के कमी वजनाची. कारणं पुष्कळ आहेत, गरिबी आहे, जंत आहेत, लवकर लग्नं आहेत. पण घरात असलेलं अन्न कुणाच्या ताटात पडतं हेही एक कारण आहेच, आणि त्यावर आपण बोलत नाही.

शाकाहारी मंडळींनी लगेच मान हलवू नये. तुमच्या घरी हेच वरणाच्या पाण्याचं होतं. सहा महिन्यांचं बाळ झालं की डाळीचं वरचं पाणी, भाताची पेज. डाळ खाली बसते ती आपल्याला, पाणी बाळाला. बाळाचं पोट मुठीएवढं. त्यात पाणी भरलं की जागा संपली. अंगणवाडीच्या ताया वर्षानुवर्षं घसा कोरडा करून सांगतात, पळीतून ओघळणार नाही असं घट्ट द्या, डाळ-भात कुस्करून वर तेला-तुपाचा चमचा घाला. तरी घरोघरी पाणीच. सूप असो नाहीतर वरणाचं पाणी, आपल्याला का कोण जाणे असं वाटतं की पदार्थाचं सत्त्व पातळ असतं.

काही जण म्हणतील, आमच्या आज्जीनं पायावर माणसं उभी केली. केली असतील, पण आज्जी नुसतं पाणी देत नव्हती. खुरं चुलीवर भाजून, खरवडून, रात्रभर मंद आचेवर ठेवलेला पाया सकाळी कातडी-शिरांसकट ताटात यायचा. त्यात ज्वारी-बाजरीची भाकरी चुरलेली असायची, आणि नळी फोडून आतला मगज चोखायचा. ज्वारीत लायसिन नावाचा मणी कमी असतो, तो जिलेटिनमध्ये आहे. जिलेटिनमध्ये नसलेला ट्रिप्टोफॅन भाकरीत आहे. दोघं मिळून थोडं का होईना भागतं. त्यातली भाकरी काढून टाकून गाळणीतून गाळलेलं 'क्लिअर सूप' तुम्ही कपात घेता, तेव्हा आज्जीचं नाव घेऊ नका.

आणि अजून एक. पाया, मुंडी, वजडी, रक्ती हे कधी काळी ज्यांना फोडी परवडत नव्हत्या किंवा ज्यांच्यापर्यंत फोडी येऊच दिल्या जात नव्हत्या त्यांचं खाणं होतं. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म'मध्ये मराठवाड्यातल्या दलित घरांचं हे खाणं नोंदवून ठेवलं आहे. गंमत अशी की या सगळ्यात शहरानं उचलला तो पाया, ज्यात पोषण त्यातल्या त्यात कमी. काळीज, रक्ती यांच्याकडं मात्र अजून नाकं मुरडतात. लोह, अ जीवनसत्त्व, फोलेट, बी-१२ हे सगळं एकत्र मिळण्यात काळजाचा हात धरणारा जनावराच्या अंगात दुसरा भाग नाही, आणि कोंबडीची कलेजी तर बहुतेक ठिकाणी चिकनपेक्षा स्वस्त मिळते. रक्त कमी असलेल्या माणसासाठी दुकानात गेलात तर खुरं मागू नका, काळीज मागा. आठवड्यातून एकदा, थोडं. गरोदर बाईनं मात्र डॉक्टरांना विचारून, कारण त्यात अ जीवनसत्त्व फारच असतं आणि पोटातल्या बाळाला त्याचा अतिरेक चालत नाही.

सूप द्यायचंच नाही का? द्या की. तापातून उठलेल्याला घास जात नाही, तोंडाला चव नसते, तिथं गरम खारट सूपानं भूक चाळवते, पाणी जातं, मीठ जातं. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २००० साली चिकन सूपावर प्रयोगशाळेत काम केलं, सर्दीतल्या दाहाशी संबंध असलेल्या पांढऱ्या पेशींची हालचाल त्यानं मंदावलेली त्यांना दिसली. बशीतल्या पेशींवरचा प्रयोग आहे, फार डोक्यावर घेऊ नये, पण सूप अगदीच थोतांड नाही. फक्त त्यात काहीतरी घाला. उकळत्या सूपात एक अंडं फेटून धार सोडा. चार फोडी मिक्सरमधून काढून मिसळा, दात नसलेला माणूससुद्धा पिऊ शकतो. हाड मोडलेल्याला दूध, अंडी, डाळी, उन्हात बसणं, आणि तंबाखू-मिश्री बंद. तंबाखू ओढल्यानं हाड सांधायला वेळ लागतो हे सिद्ध आहे. माणूस तोंडात बार भरून पायाचं सूप मागतो तेव्हा हसावं का रडावं कळत नाही. ब्लड प्रेशर, किडनी आणि युरिक अॅसिडवाल्यांनी तर सूप जपूनच प्यावं. मीठही त्यात आणि मटणातले प्युरिनही पाण्यातच उतरतात.

पैशाचंही बोलू. आमच्याकडं चार पायांचे जेवढे पैसे पडतात तेवढ्यात अंड्यांचा जवळजवळ अख्खा ट्रे येतो. ३० अंडी, म्हणजे १८० ग्रॅम उत्तम प्रतीचं प्रथिन. हातावर पोट असलेल्या घरात कुणाचा पाय मोडला तर आधीच मजुरी बुडालेली असते. अशा घराला 'पाया आणा' म्हणून सांगणं म्हणजे उसनवारी करून पाणी प्यायला सांगणं.

आणि अंड्यावरून आठवलं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारनं शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं सुरू केलं, न खाणाऱ्या पोरांना केळं. २०२५ च्या जानेवारीत नवा निर्णय आला, की अंड्यासाठी सरकार वेगळा पैसा देणार नाही, द्यायचं असेल तर शाळा व्यवस्थापन समितीनं लोकसहभागातून द्यावं. पैसे नाहीत म्हणून एक अंडं बंद. दुसरीकडं आदिवासी भागात अमृत आहार योजनेत पोरांना अंडी द्यायची पद्धत याच राज्यानं २०१६ पासून चालवली आहे. म्हणजे अंड्यानं काय होतं हे सरकारला माहीत नाही असं नाही. पॅरिसमध्ये गरिबाच्या वाटीतून मटण काढताना निदान तिथं जिलेटिन तरी घालत होते.

शाळा व्यवस्थापन समितीत पालकच असतात, तुमच्यापैकी कितीतरी जण आहेत. पुढच्या बैठकीत विचारा, आपल्या शाळेत अंडं मिळतं का, बंद असेल तर कधीपासून, आणि लोकवर्गणी काढायचा ठराव झालाय का. शंभर पोरांच्या शाळेला आठवड्याला शंभर अंडी लागतात. गावजेवणात एका पंगतीला जेवढं मटण उठतं, त्या पैशात किती आठवडे निघतील हे तुमच्या गावच्या भावानं मोजून खाली कमेंटमध्ये लिहा. आणि सरकारनं हा खर्च पुन्हा उचलावा यासाठी ग्रामसभेचा ठराव करून पाठवला असेल तर त्याचा फोटोही टाका, बाकीच्या गावांना मसुदा आयता मिळेल.